अमूर्त चित्रावरून सिरॅमिक उठावशिल्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकातल्या आमच्या मातीकामाच्या स्टुडिओत येणारे चित्रकार, इंटिरियरवाले, घर सजवणारी मंडळी आणि शिकायला येणारे साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. उठावशिल्प म्हणजे सपाट पाठीवरून पुढे उठलेलं, भिंतीवर लावायचं शिल्प.

माझ्याकडे एक अमूर्त चित्र आहे. ते मातीत जसंच्या तसं उतरेल का?

नाही. आणि उतरवू नये, असंच आमचं मत आहे. चित्रात एखादा पिवळा पुढे येतो, राखाडी मागे सरतो, दोन निळ्यांमधली कड धूसर होते. ही सगळी कामं तिथे रंग करतो. मातीत त्यातली बरीचशी कामं सावलीकडे जातात. हुबेहूब प्रत हवी असेल तर चांगला डिजिटल प्रिंट काढून घ्या. स्वस्तात होईल, लवकर होईल आणि रंगही जुळतील. उठावशिल्प करायचं तर चित्रातली रचना, वजन आणि लय घ्यायची, बाकीचं माती आणि भट्टीवर सोपवायचं. हे ज्यांना पटत नाही त्यांना आम्ही अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधीच सांगतो. नंतर कटकट नको.

चित्र तर सपाट आहे. काय उंच ठेवायचं आणि काय खोल, हे ठरवता कसं?

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. माती लाटणं, कापणं, कोरणं हे त्यामानाने सरळ काम.

पहिला मोह असा होतो की फिकट ते उंच आणि गडद ते खोल. कॉम्प्युटरवर हे चुटकीसरशी होतं : फोटो कृष्णधवल करायचा, त्यावरून उंचसखल नकाशा काढायचा आणि सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापणी-यंत्रावर) साचा कापायचा. तसं करून घेतलेले फोटो आम्हाला बरेच येतात. अडचण अशी की चित्रातला काळा पट्टा म्हणजे खड्डा नव्हे. पुष्कळदा तोच सगळ्यांच्या पुढे उभा असतो आणि पांढरं क्षेत्र त्याच्या मागे पसरलेलं असतं. उजेड-अंधाराच्या गणिताला हे कळत नाही, डोळ्याला लगेच कळतं.

आम्ही चित्राचा प्रिंट घेऊन त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि एकेका आकाराला विचारतो : तू कोणाच्या वर बसलायस? समजा, चित्रात गेरूच्या रंगाचं मोठं मोकळं क्षेत्र आहे, खाली उजवीकडे काळपट चौकोनी आकार आहे आणि दोघांना छेदून जाणारी एक बारीक लाल रेघ आहे. गेरूचं क्षेत्र ही आमची शून्य पातळी. पण ती गुळगुळीत ठेवायची नाही. ओल्या स्लॅबवर (लाटलेल्या मातीच्या लादीवर) गोणपाट दाबून, मग त्यावरून रबराची पट्टी हलकेच फिरवून पोत अर्धवट पुसायचा. काळा आकार १२ मिमी वर, पण त्याची एकच कड उभी कापायची आणि बाकीच्या तीन बाजू उतरत्या ठेवायच्या, म्हणजे सावली एकाच बाजूला पडते आणि आकाराला वजन येतं. चारही कडा उभ्या कापल्या तर तो आकार वरून चिकटवलेला वाटतो. लाल रेघ वर आणायची नाही. ती खोल चीर म्हणून कापायची आणि लाल फक्त चिरेच्या तळाशी भरायचा. समोरून बघणाऱ्याला तो दिसतो, बाजूने बघितला की लपतो. मूळ चित्रात ही गंमत नव्हती. ती मातीची कमाई.

पातळ्या तीन किंवा चार पुरतात. त्यापुढे गेलं की सावल्या एकमेकींत अडकतात आणि नुसती गजबज होते.

मग वीतभर नमुना करून, खोलीत अंधार करून, मोबाइलचा टॉर्च चारही बाजूंनी फिरवून बघतो. उजेड भिंतीला ३० अंशांचा कोन करून आला तर ५ मिमी उंचीच्या कडेची सावली साधारण ९ मिमी पडते. कोन १५ अंशांवर आणला की तीच सावली जवळजवळ १९ मिमी होते. म्हणजे माती तेवढीच ठेवून, नुसता दिवा हलवून उठाव दुप्पट करता येतो.

याचा धडा घ्यायचा तर सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळात जा. सकाळचं कोवळं ऊन पूर्वेकडच्या भिंतीवर थेट समोरून पडतं, तेव्हा कोरीवकाम चक्क सपाट दिसतं. ऊन वर चढून दगडाला घासून जायला लागलं की तेच काम एकदम खोल होतं. फोटोवाले पहाटेच गाठतात; आम्ही म्हणू, जरा उशिरापर्यंत थांबा.

उठाव किती जाड लागतो?

घरातल्या भिंतीसाठी ५ ते २५ मिमी पुष्कळ झाला. लॉबीत दहा-बारा फुटांवरून बघायचं असेल तर ४०-५० मिमीपर्यंत जातो. मात्र मागून माती पोखरून काढावीच लागते. पुढून आकार कितीही उंच असो, मातीची जाडी सगळीकडे साधारण एक ते दीड सेंमी राहायला हवी. जाडी कमी-जास्त झाली की सुकताना एक भाग दुसऱ्याला ओढतो आणि तडा नेमका सांध्यात जातो.

रंग मूळ चित्रातलेच येतील का?

काही येतील, काही जवळपास येतील, काही अजिबात येणार नाहीत.

ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा थर होणारा लेप, रंगाचा डबा नव्हे. लावताना दिसणाऱ्या रंगाचा भट्टीतून निघणाऱ्या रंगाशी संबंध असेलच असं नाही. कोबाल्ट कार्बोनेटची भुकटी जांभळट-गुलाबी असते, भाजल्यावर गडद निळी होते. तांब्याचा हिरवा विजेच्या भट्टीत सहज मिळतो; पण तेच तांबं भट्टीत प्राणवायू कमी ठेवून भाजलं तर लाल होतं. लोह तर बहुरूपी : प्रमाण आणि भाजणी बदलली की मधाळ पिवळ्यापासून काळ्यापर्यंत काहीही. गेरू, विटकरी, तपकिरी, राखाडी, काळा, शेवाळी, निळा या रंगांत माती मनापासून साथ देते. चटक लाल, भगवा आणि लिंबू पिवळा यांसाठी खास तयार स्टेन (भट्टीत टिकणारी रंगद्रव्यं; लाल-भगव्यासाठी कॅडमियमची) विकत घ्यावे लागतात. ते महाग पडतात आणि जास्त तापले की मरतात.

शिवाय पॅलेटवर मिसळतो तसे ग्लेझ मिसळता येत नाहीत. निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा, हे गणित भट्टीला मान्य नाही. शेजारचाही भरवसा नाही : कथिलाच्या पांढऱ्या ग्लेझशेजारी क्रोमचा हिरवा ठेवला तर क्रोमची वाफ उडून पांढऱ्यावर गुलाबी झाक येते. कोणी ती मुद्दाम आणतं, कोणी कपाळाला हात लावतं.

म्हणून आमचा आग्रह असतो : चित्रात बारा रंग असतील तर उठावात चार घ्या. उरलेल्या आठांचं काम सावली आणि पोत करतील. आणि मॅट घ्या. चकचकीत ग्लेझवर दिव्याची तिरीप पडली की सगळी कोरणी त्या चकाकीत बुडते. काही ठिकाणी ग्लेझ लावायचाच नाही. लोह ऑक्साइडचं पाणी फासून ओल्या स्पंजने पुसायचं. खाचांत गडद राहतं, उंचवट्यावर माती दिसते. अमूर्त चित्रातल्या खरवडलेल्या, पुसलेल्या जागांना याच्याइतका जवळचा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

रंगाच्या पट्ट्या आम्ही सपाट टाइलवर दाखवत नाही. उठावाचाच छोटा तुकडा उभा ठेवून भाजतो, कारण ग्लेझ कडेवर पातळ होतो आणि खाचेत साचतो. तोच ग्लेझ दोन्हीकडे वेगळा दिसतो.

कुठली माती वापरता? आपली काळी माती किंवा शाडू का नाही?

स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी तयार माती, त्यात ग्रॉग मिसळून. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीचा रवा. त्याने आकसणं कमी होतं, जाड तुकड्यातून वाफ बाहेर पडायला वाट मिळते आणि स्लॅब वाकत नाही. फार बारीक रेषांचं काम असेल तर ग्रॉग कमी करतो, कारण कोरताना दाणा आडवा येतो.

काळ्या मातीबद्दल शेतकरी कुटुंबांतले लोक हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. ही बेसॉल्ट झिजून झालेली माती. पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. स्लॅबमध्येही तेच होतं. त्यात चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि काही दिवसांनी वरचा पापुद्रा उडवतो. कुंभारवाड्यातले कारागीर माती गाळून, गाळ आणि राख मिसळून तिला वळण लावतात, पण त्यांची भाजणी आमच्यापेक्षा बरीच कमी तापमानाची असते. आमच्या तापमानाला काळी माती वितळायला लागते. तरी ती आम्ही टाकून देत नाही : वस्त्रगाळ करून पातळ स्लिप (पाण्यात कालवलेला मातीचा घोळ) केली की स्टोनवेअरवर तपकिरी-काळा थर देते. शेतातली पिशवीभर माती आणून दिलीत तर आधी चाचणी घेऊ. घरच्या मातीचा रंग भिंतीवर असावा, ही हौस आम्हाला आवडते.

शाडू गणपतीसाठी उत्तम. ती फार बारीक असते, जाडीत तडकते, आणि विकत मिळणाऱ्या शाडूत काय काय मिसळलंय ते पिशवीवर लिहिलेलं नसतं. भट्टीत ठेवायची आमची तयारी नाही.

कोणत्याही चित्रकाराच्या चित्रावरून करून मिळेल का?

नाही. इथे गैरसमज फार आहेत.

भारताच्या प्रताधिकार कायद्यात (१९५७) चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि सपाट चित्राचं त्रिमिती रूप करणं हे त्या हक्कात स्पष्टपणे धरलेलं आहे. ‘आम्ही तर मातीत केलं, ही कॉपी कुठे?’ हा बचाव चालत नाही. चित्र विकत घेतलं म्हणजे कॅनव्हास तुमचा झाला; त्यावरून उठाव करायचा हक्क आपोआप मिळत नाही.

वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. सय्यद हैदर रझा २०१६ मध्ये गेले, म्हणजे २०७६ अखेरपर्यंत. ‘रझांचा बिंदू टाइलमध्ये करून द्या’ ही मागणी महिन्याआड येते. वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी आणा, आनंदाने करू. युरोपातले चित्रकार क्ली १९४० मध्ये आणि कांडिन्स्की, मोंद्रियान १९४४ मध्ये वारले. भारतीय कायद्याने त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. तरी तुकड्याच्या मागे ‘अमुक चित्रावरून’ असं कोरावं. तेवढी सभ्यता पाळायला पैसे पडत नाहीत.

सगळ्यात चांगलं म्हणजे तुमचं स्वतःचं चित्र, किंवा गावातल्या एखाद्या चित्रकाराला मानधन देऊन घेतलेलं.

मी स्वतः चित्रकार आहे. तुम्हाला काय पाठवू?

समोरून, सावलीत काढलेला एक फोटो आणि बाजूने ऊन घेऊन काढलेला दुसरा. दुसऱ्यात रंगाचा थर, सुरीचे फटके, खरवड दिसते. उठावाची निम्मी माहिती त्यातच असते. चित्राचं खरं माप लिहा. आणि चित्रातली कुठली एक गोष्ट हरवली तर तुम्हाला चालणार नाही, ते एका वाक्यात कळवा. पाच वाक्यं आली तर आम्ही फोन करतो.

भिंतीवर ६० सेंमी हवं आहे. ओल्या मातीत किती करायचं?

माती एकूण १२ टक्के आकसत असेल तर बरेच जण ६० मध्ये १२ टक्के मिळवून ६७.२ सेंमी करतात. पण आकसणं ओल्या मापावर मोजलं जातं. म्हणून ६० ला ०.८८ ने भागायचं : ६८.२ सेंमी. एका सेंमीचा फरक म्हणजे चौकटीत न बसणारा तुकडा. प्रत्येक नव्या पोत्यातल्या मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ ओढून भाजून बघा; छापील आकड्यावर विसंबू नका.

एकाच अखंड तुकड्यात करता येत नाही का? सांधे वाईट दिसतात.

भट्टीच्या शेल्फएवढाच तुकडा होतो, आणि मोठा स्लॅब सरळ निघेल याची खात्री कमी. पण सांधा वाईट दिसतो तो चुकीच्या जागी घेतला तर. चित्रावर चौकटीचं जाळं टाकून सारखे चौकोन कापले की बाथरूम आठवतं. आम्ही चित्रातल्याच रेषांवरून, आकारांच्या कडांवरून कापतो. मग सांधा ही रेषाच होते.

या बाबतीत मोठ्यांचा दाखला आहे. पॅरिसच्या युनेस्को इमारतीसाठी स्पॅनिश चित्रकार जोआन मिरो आणि सिरॅमिककार जोसेप ल्योरेन्स आर्तिगास यांनी दोन भिंती केल्या, त्या १९५८ मध्ये पूर्ण झाल्या. त्यांनी आधी केलेल्या एकसारख्या टाइल त्यांनाच फार आखीव वाटल्या. त्या बाजूला ठेवून त्यांनी ओबडधोबड, वेगवेगळ्या मापांच्या टाइलनी पुन्हा सुरुवात केली. ते काम उठावाचं नव्हे, टाइलवरच्या चित्राचं. पण सांध्यांचा विचार तोच. आपल्याकडे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचं लखनौच्या रवींद्रालयावरचं १९६३ चं टेराकोटा भित्तिशिल्प बघा. सांधे लपवायचा प्रयत्नच नाही, उलट त्यांच्यावर रचना उभी आहे.

किती दिवस लागतात? पावसाळ्यात काम घेता का?

मध्यम आकाराला सहा ते आठ आठवडे धरा. पावसाळ्यात त्याहून जास्त. करण्यापेक्षा सुकवण्यालाच वेळ लागतो. नाशकात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की कडा दुपारपर्यंत सुकतात, मध्य ओला राहतो आणि स्लॅब उन्हातल्या पापडासारखा कडांनी वळतो. तेव्हा प्लॅस्टिकखाली, जाळीच्या रॅकवर, हळूहळू सुकवावं लागतं. श्रावणात उलट : वरून सुकलेला वाटतो, गालाला लावला की गार लागतो. गार लागतोय तोवर आत पाणी आहे. दिवाळीत गृहप्रवेश असेल तर गणपतीत विचारून उपयोग नाही. अक्षय्य तृतीयेलाच चित्र आणून द्या.

भट्टीत फुटतं का?

कधीकधी. हवेचा बुडबुडा फोडतो असं सगळीकडे सांगितलं जातं. खरा दोष जवळजवळ नेहमी ओलीचा. १०० अंशांच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की तुकडा उडतो, आणि शेजाऱ्यालाही घेऊन जातो. म्हणून पहिल्या भाजणीत भट्टी कित्येक तास १०० च्या खालीच ठेवतो. पुढचं नाजूक ठिकाण ५७३ अंश : मातीतला क्वार्ट्झ इथे अचानक प्रसरण पावतो आणि थंड होताना तितकाच आकसतो. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळी सावकाश जायचं. कच्ची (पहिली) भाजणी साधारण १००० अंशांना, ग्लेझची १२२० च्या आसपास. १०० च्या खाली उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. आणि भट्टी लावायच्या आधी महावितरणचा मेसेज बघायचा, हेही त्याच यादीत.

तुकडा फुटला तर तो आम्ही पुन्हा करतो, त्याचे पैसे लागत नाहीत. वेगळ्या वेळी भाजलेल्या तुकड्याचा रंग किंचित वेगळा येऊ शकतो. म्हणून मोठ्या क्षेत्राचे दोन-तीन तुकडे पहिल्यापासूनच जास्तीचे करून ठेवतो.

घरच्या ओव्हनमध्ये भाजता येईल?

नाही. ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो; तेवढ्यात माती फक्त सुकते. न भाजता वाळणारी माती सरावाला ठीक आहे, तिला सिरॅमिक म्हणू नका.

वजन किती होतं आणि भिंतीवर कसं बसवता?

सरासरी दीड सेंमी जाडीला दर चौरस फुटाला ३ किलोच्या आसपास. ३ × ४ फुटांचं काम म्हणजे ३६ किलो, खाली १८ मिमी वॉटरप्रूफ प्लाय धरला तर ५० च्या घरात. एका खिळ्याचं काम नव्हे.

भाड्याचं घर असेल तर प्लायवर तुकडे बसवून, भिंतीवर तिरकी कापलेली पट्टी मारून त्यावर अडकवतो. घर बदललं की काढून नेता येतं. कायमचं बसवायचं तर टाइल अ‍ॅडहेसिव्ह, पण रंग आणि पुट्टी खरवडून थेट प्लास्टरवर. रंगावर चिकटवलेलं काम रंगासकट खाली येतं. नव्या इमारतींत भिंती बहुधा एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लग धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचेच अँकर लागतात. तुमच्या सुताराला हे आधी विचारा.

बाहेरच्या भिंतीवर चालेल?

स्टोनवेअर चालेल, कमी भाजलेला टेराकोटा नको. तो पाणी पितो आणि दुसऱ्या पावसाळ्यात हिरवा होतो. बाहेरच्या कामात आडव्या खाचांना बाहेरच्या बाजूला उतार द्यावा लागतो, नाहीतर पाणी, धूळ आणि कबुतरं मुक्काम करतात.

शिकायला येऊ शकतो का?

या. आधी एक वीतभर तुकडा, एकाच रंगाचा. सुकलेली माती कोरडी घासायची नाही आणि झाडूने झाडायचीही नाही. ती धूळ सिलिकाची, फुप्फुसात बसते. ओल्या फडक्याने पुसायचं, मास्क लावायचा. यावर वाद घालणाऱ्याला चहा देऊन परत पाठवतो.

मूळ चित्र आणि उठाव शेजारी-शेजारी लावू का?

नको. चित्राला समोरून, सारखा पसरलेला उजेड लागतो. उठावाला बाजूने, भिंतीला घासून येणारा. एकाच भिंतीवर एकाच दिव्याखाली दोन्ही ठेवलीत तर एक तरी मार खातं : चित्रावर कॅनव्हासचा प्रत्येक धागा आणि फुगवटा दिसायला लागतो, नाहीतर उठाव सपाट पडतो. समोरासमोरच्या भिंती असतील तर बघा, आणि इलेक्ट्रिशियनला वायरिंगच्या वेळीच सांगा की उठावाचा दिवा छतात, भिंतीपासून वीतभरावरच हवा. पीओपी झाल्यावर सांगितलंत तर तो काय म्हणेल ते आम्ही इथे लिहीत नाही.